हात मागे

बाबा,

उद्या सकाळी पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात मला पुन्हा बोलावलं आहे, आणि भीती इतकी वाटते आहे की आईजवळही बोलता येत नाही. आम्ही आणखी किती वर्षं मामाकडे राहणार, हे मामी तोंडाने विचारत नाही. ही नोकरी लागली तर आम्हा दोघींना एक खोली घेता येईल.

इंग्रजी मला तुम्हीच शिकवलंत, शाळेच्या आधी, देहूरोडच्या त्या स्वयंपाकघरात. तुम्ही कामाला होतात त्या लष्करी डेपोतल्या खोक्यांवरचे शब्द डोक्यात घेऊन घरी यायचात. अजून डोळ्यांपुढे आहे: मी चुलीपाशी बसले आहे. तुम्ही म्हणता, "इन्फ्लेमेबल." मी म्हणते, "चटकन पेट घेणारं." "मग?" "हात मागे." आणि मी दोन्ही हात पाठीशी बांधते. कोरोझिव्ह म्हणजे कातडं, लोखंड खाऊन टाकणारं, हात मागे. फ्रॅजाइल म्हणजे जराशा धक्क्याने फुटणारं, हात मागे. हात बांधल्याशिवाय अर्थ पुरा झाला असं तुम्ही मानतच नव्हता. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "चूलपण तुमची इन्फ्लेमेबलच की. मीही हात मागे घेते, आज शब्दच जेवा." तुम्ही हसायचात, पण मला सूट नसायची. एकदा अर्थ सांगून मी हात पुढेच ठेवले, तेव्हा तुम्ही असे ओरडलात की मी दिवसभर जेवले नाही. तुमच्या हाताखालच्या हमालाचे भाजलेले हात तुम्ही त्याच आठवड्यात पाहिले होते, हे आईने फार उशिरा सांगितलं.

आज कारखान्यात साहेबांनी पाट्यांवरचे शब्द वाचायला लावले. मी सगळे वाचले, अर्थही सांगितले. साहेब म्हणाले, "छान. आता तो ट्रे उचला." ट्रेमध्ये इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या होत्या आणि कडेला लिहिलं होतं, फ्रॅजाइल. माझे हात पाठीमागे गेलेले होते. कधी गेले कळलं नाही, आणि आता पुढे येईनात. "बाई, नुसतं वाचायचा पगार नाही देत आम्ही," साहेब म्हणाले. रांगेतल्या मुली हसल्या. मग साहेबांना बहुधा दया आली. "उद्या या. येताना हात घेऊन या."

तुम्ही छातीच्या तापाने गेलात तेव्हा त्यावरचं औषध, जे आता हा कारखाना बनवतो, आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्याच औषधाच्या कुप्या आहेत या, बाबा, आणि तुमच्या मुलीचा हात त्यांना लागत नाही. मला इजा होऊ नये म्हणून तुम्ही हात मागे घ्यायला शिकवलंत, हे कळतं. पण हात पुढे कधी करायचा, तो धडा राहून गेला.

हा कागद कुठेच धाडायचा नाही, म्हणून खरं सांगते. मघाशी आई बाहेर गेल्यावर मी मोठ्याने फ्रॅजाइल म्हटलं आणि मामीची काचेची बरणी दोन्ही हातांनी उचलली. फुटली नाही. पण मी डोळे मिटून घेतले होते.