येतानाचं घड्याळ

बाई, काल उत्तरपत्रिका तपासताना एका पानावर पेन थांबलं, आणि आज तुम्हाला लिहायला बसले आहे. कॉलेजात सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. मी राई गावच्या शाळेतून आलेली, मला बाई एवढंच येत होतं, आणि तुम्ही ते कधी बदलायला लावलं नाहीत.

दुसऱ्या वर्षाला तुम्ही आम्हाला सापेक्षता शिकवत होतात. अतिवेगाने जाणाऱ्या यानातलं घड्याळ आपल्या घड्याळाच्या मानाने मागे पडतं, हे फळ्यावर मांडून झालं आणि तुम्ही विचारलंत, तेच यान वळून परत आलं तर? मी हात वर केला. जाताना जेवढं मागे पडलं तेवढं येताना भरून निघेल, दिशा उलटी झाली ना, असं म्हणाले. मला खात्रीच होती. बाबा खाडीत होडी न्यायचे, आणि जाताना पाणी उलटं लागून कितीही उशीर झाला तरी चिडायचे नाहीत. पाणी घेतं ती वेळ पाणीच परत देतं, हे त्यांचं ठरलेलं होतं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "ही राईची खाडी नाही," म्हणालात. वर्ग हसला. मग सूत्रातल्या वेगाच्या वर्गावर बोट ठेवलंत. वेग अधिक धरा की उणे, वर्ग केला की चिन्ह उरत नाही. यान दूर जावो की जवळ येवो, घड्याळ मागेच पडणार. फरक वेगाने पडतो, दिशेने नाही. मी दोन आठवडे मागच्या बाकावर जाऊन बसले.

मग एका रविवारी तुम्ही मला गोडदेवच्या घरी बोलावलंत. तुम्ही चपात्या लाटताय, मी भाजतेय. त्या दिवसाचा विषय निघणार नाही असं वाटत असतानाच तुम्ही पोळपाटावर पीठ भुरभुरता आणि बोटाने एक रेघ ओढता.

"ही तुझी खाडी. सहा किलोमीटर. होडी तासाला चार जाते, पाण्याची ओढ दोनची. जाऊन ये बघू."

उलट्या पाण्यात तीन तास, सोबतच्या पाण्यात एक. चार झाले.

"आणि पाणी थांबलेलं असतं तर?"

जाऊन येऊन तीन. जाताना पाणी सोबत आणि येताना उलटं धरून पाहिलं, तरी चारच. तुम्ही म्हणालात की यानाची गोष्ट वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नकोस. पण भरून निघतं हे तुझ्या खाडीतसुद्धा खरं नाही, तेवढं बाबांना सांग. तोवर तव्यावरची चपाती करपली होती. ती तुम्ही माझ्याच ताटात वाढलीत. बाबांना सांगितलं तर ते जाळं विणता विणता म्हणाले, "तुझे बाईंना एकदा होडीत बसव. मंग बोलू." ते राहूनच गेलं.

पुढे मी नोकरीला बंगळुरूला गेले, ती अकरा वर्षं. दिवाळीत राईला यायचे दोन दिवस, आणि गोडदेव पुढच्या खेपेवर जायचं. कायमची परत येईन तेव्हा रोज तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसेन, असं फोनवर इतक्यांदा म्हणाले की शेवटी शेवटी तुम्ही नुसतं हं म्हणायचात. मला वाटायचं, रागावलात.

खरोखरच परत आले तेव्हा भाचीने तुम्हाला बेव्हर्ली पार्कमध्ये तिच्या घरी नेलं होतं. गॅलरीत खुर्चीवर बसला होतात. माझ्याकडे पाहून विचारलंत, "कुणाकडे आलात?" मी नाव सांगितलं, राई सांगितलं, पोळपाटावरची खाडी सांगितली. तुम्ही पाहुण्याकडे बघून हसतात तसं हसलात आणि भाचीला पाणी आणायला सांगितलंत. चार महिने दर रविवारी येत राहिले आणि दर रविवारी नव्याने नाव सांगत राहिले. मग तुम्ही गेलात आणि तेही संपलं. त्याला आता बारा वर्षं होतील. मी परत येत होते बाई, तुमच्याच दिशेने येत होते, आणि येताना सगळं भरून निघेल हे तेव्हाही धरूनच चालले होते.

आता तुमचा विषय मी शिकवते. तुमच्याइतकं कडक होता येत नाही. काल ज्या पानावर थांबले, तिथे एका मुलीने बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलंय, परत येताना यानातलं घड्याळ गमावलेला वेळ भरून काढेल. तिने हे कुठून आणलं, तिच्या घरी कोण असं म्हणतं, मला माहीत नाही. उद्या वर्गात मी वेगाच्या वर्गावर बोट ठेवीन आणि कुणाला हसू देणार नाही.

हे सगळं एका कोऱ्या पुरवणीवर लिहिलंय. ती कपाटात ठेवून देईन. ते उत्तर चूक आहे, हे मला आता नीट कळतं, बाई. काल गठ्ठा बांधला तरी त्याच्यावर रेघ मात्र मारलेली नाही.