विमानाच्या पंखाले जवसाचं तेल

धरमपेठ, नागपूर
सोमवार, ता. १४ जानेवारी १९७४

तीर्थरूप रुपराव मामाजींस वामनचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकते की नाही ते कळवा. मामीच्या खोकल्याचं विचारलं म्हणून सांगा. मी खुशाल आहो, म्हणजे जेवतो अन झोपतो.

तुम्ही विचारलं, तिकडे कोणतं सुतारकाम करून राहिला. मामाजी, हसू नका. खेळण्यातल्या विमानाचे पंख घासून राहिलो. लाकडाचं नाव बाल्सा, जहाजानं येते, अन नखानं दाबलं तर भिजल्या पोह्यावानी दबते. त्याले लाकूड म्हणायची मले लाज वाटते. वासला, रंधा इथं कोणी ओळखत नाही. दाढीच्या पात्यानं कापायचं अन पॉलिश पेपरनं कुरवाळत बसायचं. कोंबडीच्या बरगडीएवढ्या फासळ्या, एका पंखात चौदा, शिंक आली तर टेबलाखाली. मालक कृष्णकांत साहेब एकेक फासळी काट्यावर तोलतात (काटा सोनाराचा, खास इतवारीतून आणलेला). धडधाकट माणसानं दिवसभर श्वास धरून बसायचं, याले हे लोक कारागिरी म्हणतात.

येत्या रविवारी कॉलेजच्या पोरांची विमानं उडवायची स्पर्धा आहे. साहेब दोन दिवस लग्नाले गेले, म्हणाले पंख करून ठेव. असे केले की सांधा बोटाले लागू नये. पण तुम्ही काय शिकवलं? आपल्या दारातून एक जू तेलाबिगर गेलं नाही. मीही जवसाचं तेल दिलं. वैशाखातला बैल पाणी पिते तसं प्यालं ते. वाटी संपली, दुसरी दिली. चकाकी पाहण्यासारखी आली.

साहेबांनी पंख काट्यावर ठेवला. पारडं खाली गेलं ते उठलंच नाही. वरून कागद चिकटवतात, तोही तेलावर धरेना. पंख उचलून माझ्या हातात दिला अन म्हणाले, "वामन, हे उडवायचं होतं, बैलाच्या मानेवर ठेवायचं नव्हतं." नवं बाल्सा होळीपर्यंत येत नाही. रविवारी विमान उडलं नाही तर सोमवारी तूही येऊ नको म्हणाले. मी म्हटलं, नाही येत. अशा फुसक्या लाकडासाठी कोण बसते? गावाले येऊन बंडीची चाकं करीन, हातात घेतलं तर हातात आहे असं वाटते तरी.

तुमचा भाचा,
वामन

ता.क. शेताच्या धुऱ्यावरचं काटसावरीचं झाड पडलं होतं, त्याच्या हलक्या लाकडाची वाळली फळी गुरुवारच्या एस.टी.त कंडक्टरजवळ द्या. हातभर लांब, बोटभर जाड, गाठ नको. घासून घासून कागदाएवढी हलकी करतो, असं साहेबाले कबूल केलं आहे. मागच्या महिन्यात मी घासलेलं एक विमान मैदानावर उडलं होतं. खाली उतरेपर्यंत मी श्वास घेतला नाही. हे बाबाले वाचून दाखवू नका.

आणखी एक. तुमचा हात मले माहीत आहे. फळीले तेल लावू नका.