दोन बोटांचे पैसे

दादा,

मी पैसे उडवतो, हे तू कालही फोनवर ऐकवलंस. मी ऐकून घेतलं. कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर हात लवकर चालावा म्हणून मी मशीनची बोटं वाचवणारी जाळी तारेने वर बांधायचो. इथे सगळेच बांधतात. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता दुखत नाही.

ऑफिसातल्या कारकुनाने कुठल्या बोटाचे किती, त्याचा तक्ता काढला. म्हणाला, "नुकसानभरपाई म्हणजे गेलेलं परत येत नाही बाबा, त्याचे पैसे येतात. जाळी वर होती, म्हणून निम्मेच."

मी सही डाव्या हाताने केली. हे पत्रही डाव्यानेच लिहिलंय, म्हणून पाठवणार नाही. अक्षर बघून आई हाताचं विचारेल. फोनवर बोनस मिळाला म्हणेन. तू म्हणशील, आला एकदाचा ताळ्यावर.

तुझा उधळ्या धाकटा

ता.क. चौऱ्याहत्तर हजार पाठवतोय.