जवळचा रस्ता सोडून

बाबा, तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार.

जिंकलो आम्ही! मी आपल्या भाषेत आणलेली प्रश्नावली पास झाली. जिवावरच्या प्रसंगातून वाचलेल्या माणसाच्या मनात तो प्रसंग अजून ठाण मांडून बसलाय का, हे तिच्यावरून ओळखायचं. डॉक्टरांनी अशा प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून जे सांगितलं, तेच तिनंही सांगितलं. आमच्या खडूस मॅडमनी चक्क स्वतः चहा केला. पाणचट होता, पण केला!

एकच प्रश्न हटून बसला होता. "त्या आठवणी टाळता का?" असं विचारलं की माणसं ताठ होऊन म्हणायची, "छे, आम्ही नाही घाबरत."

मग मला तुम्ही आठवलात. गिरणीच्या आगीतून वाचल्यापासून तुम्ही गिरणीवरून जाणारा रस्ता टाळून बाजारात तळ्याला वळसा घालून जाता. मी प्रश्न बदलला, "जवळचा रस्ता सोडून लांबून जाता का?" लोक भडाभडा बोलायला लागले.

मी वेळेवर जेवते, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे?

आणि बाबा, अजून तळ्यावरूनच जाता? हो म्हणालात तरी चालेल. इथे भलेभले हो म्हणाले.

तुमची,
धाकटी