खुर्चीवर्ग

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा केवळ लेखनापुरता समजावा. प्रत्यक्ष भूमीशी सलगी करण्यास आपल्या घरात सध्या सक्त मनाई आहे. येथील सर्व कुशल. तुझ्या गुडघ्यांचे आणि भावजींच्या संतापाचे वर्तमान कळवावे.

तुझे पत्र पोहोचले. 'आता पुन्हा पडले तर अण्णांना मी घेऊन जाईन' असे तू उन्हाळ्यात म्हणाली होतीस, ते तू विसरली असशील अशी माझी भाबडी समजूत होती. तू विसरली नाहीस. उलट तुमच्या गावातल्या वृद्धनिवासात तळमजल्यावरची खोलीही पाहून ठेवलीस. तिथे प्रत्येकाला चाकांची खुर्ची देतात आणि म्हणून तिथे कोणी पडत नाही, असे तू लिहितेस. बसवून ठेवलेला मनुष्य पडत नाही, हा सिद्धांत निर्विवाद आहे. कपाटेही पडत नाहीत. परंतु कपाटाला कोणी अण्णा म्हणत नाही.

तू अण्णांचे चालणे पाहिलेले नाहीस, म्हणून सविस्तर निवेदन करतो. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात सकाळी आमचे ज्येष्ठ पदचालक मंडळ भरते. आरोग्यकेंद्रातली व्यायामोपचाराची बाई ते चालवते. वयाने तुझ्या लेकीएवढी, पण आवाज फौजदाराचा. अण्णा तिला कवायतबाई म्हणतात. प्रथम कठड्याला हात लावून एका पायावर उभे राहणे, मग खडूच्या रेघेवरून टाचेला चवडा जुळवत जाणे, आणि त्यानंतर मैदानाची प्रदक्षिणा. प्रदक्षिणेत सर्वांत संथ मनुष्य सर्वांत पुढे. वेगवानांनी मागे राहून विनय शिकायचा. बस चालवण्यात हयात गेलेल्या अण्णांना हे प्रथम मुळीच रुचले नाही. "ओव्हरटेक नाही, हॉर्न नाही, कसली ही वाहतूक!" असे ते मोठ्याने बोलत. पुढे चालणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका मान न वळवता म्हणत, "मागच्या बाकावर गडबड कोण करतंय?"

गादीवर मुद्दाम आडवे होऊन, कुणाच्या ओढण्यावाचून आपले आपण उठायचे, हाही एक पाठ असतो. त्यात अण्णा पहिले आले. त्या दिवशी त्यांनी मिशा कोरल्या.

आणखी एक दंडक आहे. सोबत्याने म्हाताऱ्याला धरायचे नाही. सोबत्याने आपले कोपर पुढे करायचे. वाटले तर म्हातारा ते धरील, नको तेव्हा सोडील. कवायतबाई रोज बजावते, "आधार द्यायचा, पकडायचं नाही. पकडणारा गेला तर दोघंही जातात!"

असो.

गेल्या महिन्यातल्या प्रसंगाचा तू तपशील मागितला आहेस. मैदानाच्या फाटकाजवळची फरशी किंचित ओली असावी. तोल गेला. मनगटाचे हाड मोडले, ते जुळत आहे. मंडळाच्या नियमानुसार दोनदा पडलेल्याला मैदानातून काढून आतल्या सभागृहात खुर्चीवर्गात बसवतात. तिथे बसल्या जागी पाय उचलायचे आणि रबरी चेंडू एकमेकांकडे टाकायचे. अण्णा तिथे बसतात. चेंडू आला की परत टाकतात.

ताई, त्यांचे पाय उत्तम आहेत. हे मी शपथेवर सांगतो. कोणत्या आधारावर, ते विचारू नकोस. ती खोली राहू दे. एकदा खुर्चीत बसवलेस की मांड्यांचे मांस महिन्याभरात उतरते, आणि मग तुझे भय खरे ठरवायला तेच पाय साक्षीला येतील. धाकट्याचा एवढा हट्ट मान.

आपला आज्ञाधारक,
अध्यक्ष, सचिव व एकमेव सभासद,
पितृसंरक्षण समिती


दि. २० नोव्हेंबर

ताई,

'रविवारी गाडी घेऊन येते, त्यांचे कपडे भरून ठेव' एवढीच तुझी ओळ आली. बॅग काढली आहे. अण्णा तिच्याकडे पाहत नाहीत, मीही पाहत नाही. येता-जाता दोघेही तिला वळसा घालतो.

आता तुला सांगतो. शब्द नीट लागत नाहीत. छापखान्यात आयुष्यभर इतरांची मुद्रिते तपासली, पण स्वतःचे एक वाक्य लिहायला सकाळपासून बसलो आहे.

अण्णा पडले नाहीत. मी पडलो.

उन्हाळ्यातही मीच. गेल्या वर्षापासून माझा डावा पाय उचलत नाही. चप्पल घासते, उंबरा लागतो. प्रथम मी चपलेला दोष दिला, पुढे उंबऱ्याला. नंतर मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे गेलो. ते फार सौजन्याने बोलले. तेवढ्यावरूनच मी समजलो. ही व्याधी पायांतून आरंभ करते आणि सावकाश वर सरकते. तिला थांबवणारे औषध नाही. यावर मला अनेक विनोद सुचले होते, परंतु डॉक्टर हसले नसते.

मंडळात लोक समजत, मुलगा वडिलांना घेऊन येतो. मी कोपर पुढे करत नव्हतो. मी अण्णांचा दंड धरत होतो, घट्ट, दोन्ही वेळा. पाय अडकला, मी गेलो आणि त्यांना घेऊन गेलो. दुसऱ्या वेळी ते माझ्याखाली होते. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. लोक धावत आले, तेव्हा फरशीवर पडल्या पडल्या अण्णा ओरडले, "काही नाही, काही नाही! म्हाताऱ्याचा पाय सरकला!"

घरी आल्यावर मी म्हटले, "अण्णा, हे खोटं कशाला?"

"गप रे पंडित. माझं वय पडण्याचं आहे, तुझं नाही. तुझं कळलं तर छापखान्यातून काढतील."

"आणि तुम्हाला खुर्चीत बसवतील."

"बसेन की. आयुष्यभर सीटवरच होतो."

मी मान्य केले. होय, केले. दोन्हीकडून मला तेच दिसत होते: खरे बोललो तर तू म्हणशील, जो स्वतः उभा राहू शकत नाही तो बापाला काय सांभाळणार, आणि घेऊन जाशील. खोटे बोललो तरी घेऊन जाशील. म्हणून खोटे बोलत राहिलो, आणि ते रोज सकाळी चेंडू टाकत राहिले. परवा ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उठले, तेव्हा त्यांनी ओट्याला हात लावला. यापूर्वी कधी लावत नसत.

गेल्या आठवड्यात मी न्हाणीघरात पडलो. दार आतून लावलेले नव्हते, हे नशीब. अण्णा आले. हाताला प्लास्टर. मला उचलणे त्यांना शक्य नव्हते, त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. बादली सरकवून शेजारी खाली बसले.

"लागलं?"

"नाही."

"मग रडतोस कशाला? घाई करू नको. आधी कुशीवर वळ. हां. आता गुडघा आत घे. डावा नाही, डावा रिकामटेकडा आहे, उजवा. स्टूल पुढे आहे बघ. हात ठेव. थांब, श्वास घे. गाडी गरम होऊ दे."

मी उठलो. मग ते उठले, आपले आपण. आणि मी त्यांचा दंड पुन्हा धरला, ताई. त्यांनी धरू दिला.

आज सकाळी मी खुर्चीवर्गात गेलो आणि कवायतबाईला सर्वांसमक्ष सांगितले. वक्तृत्वाची तयारी केली होती, पण तोंडातून एवढेच आले, "पडत होतो तो मी." ती म्हणाली, "काका, मला वाटतच होतं. तुम्ही त्यांना नाही, त्यांनी तुम्हाला सांभाळलंय. पण अण्णा शपथ घेऊन सांगत होते." अण्णांनी चेंडू खाली टाकला. "हा खोटं बोलतोय. लहानपणापासून खोटारडा." मैदानातून दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शिक्षा दोघांनाही होईल." कोणीही हसले नाही.

कवायतबाईने अण्णांना तिथल्या तिथे उभे केले, रेघेवरून चालवले, एका पायावर तोलून पाहिले. प्लास्टरच्या हातानेही ते हलले नाहीत. ती म्हणाली, "चला मैदानात. तुमची जागा तिकडे." मला तिने त्यांच्या खुर्चीत बसवले. अण्णा दारापर्यंत गेले. बाहेर रांग लागलेली होती, सर्व जण त्यांच्यासाठी खोळंबले होते. ते उंबऱ्यावर थांबले, मागे वळले, आणि परत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"जा ना," मी म्हटले.

"आज कंटाळा आलाय."

"अण्णा, जा!"

"ओरडू नको. लोक बघतात."

ते उद्याही जाणार नाहीत. परवाही नाही. मी इथे आहे तोवर ते माझ्या शेजारी बसतील आणि त्यांचे चांगले पाय माझ्यासोबत संपवतील. मी त्यांना रागावलो, हात जोडले. ते ऐकत नाहीत. घरी आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत, पण मी खुर्चीवरून हललो की पेपर बाजूला ठेवतात.

म्हणून, ताई, मागच्या पत्रातला माझा हट्ट मी मागे घेतो. त्यांना घेऊन जा. पण त्या खोलीत नको. तुझ्या घरी ने. जिना आहे हे मला ठाऊक आहे. जिना त्यांना जमतो, कवायतबाईने आज पायरीवर चढवून-उतरवून पाहिले. तुमच्या गावातही आरोग्यकेंद्रात असे मंडळ आहे, तिने दूरध्वनी करून चौकशी केली. तिचे पत्र सोबत जोडले आहे. रोज सकाळी त्यांना तिथे पोहोचव. कुरकुरतील, वाहतुकीबद्दल बोलतील. बोलू दे.

माझे काय, असे तू विचारशील. छापखान्याला मी उद्या सांगणार आहे. पुढचे मला माहीत नाही. कवायतबाई म्हणते, बघू. डॉक्टरही म्हणतात, बघू. तू यावर उपाय लिहून पाठवू नकोस, मला तो वाचवणार नाही. आधी त्यांचे कर.

आणि रविवारी आलीस की घरात येऊ नकोस. आलीस तर माझ्याशी बोलशील, मी काही तरी चमत्कारिक बोलून तुला हसवेन, आणि ते पाहून अण्णा बॅग खाली ठेवतील. फाटकातून हाक मार; तुझ्या हाकेला नाही म्हणणे त्यांना कधी जमलेले नाही. मी आत बसून राहीन. त्यांनी वळून पाहिले तर मी खिडकीत नसेन. गाडी वळणाआड जाईपर्यंत कुठे थांबवू नकोस, काही विसरले असले तरी परतू नकोस.

मग पुढच्या आठवड्यात, जमले तर, एकटी ये.

तुझा भाऊ