जलद गाडी, मध्ये थांबत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन आठवडे! पाय जमिनीला टेकवायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी बोट वर करून तीनदा बजावलं – पोरीला एकदा, मला दोनदा. तापानंतर खुब्याच्या सांध्याला सूज आलीय. औषध आणि विश्रांती, दुसरं काही नाही. बरी होईल म्हणाल्या. जीव भांड्यात पडला.

पण विश्रांती घेणार कोण? साडेपाच वर्षांची पोर, पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली. म्हणून तर घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. बायकोला शर्टाच्या कारखान्यातून रजा मिळणं शक्य नाही. माझ्या रजा मात्र साठून राहिल्यात. महिनाअखेरपर्यंत टाकली. माझी बस तोवर दुसरा कुणीतरी चालवेल.

५ फेब्रुवारी

अकरा वाजेपर्यंत चित्रं झाली, पत्ते झाले, गोष्टीही संपल्या. दर पाच मिनिटांनी "आता काय, बाबा?" नाकीनऊ आले.

मला दुसरं येतं तरी काय? एकोणीस वर्षं स्टिअरिंगच धरलंय. पलंगापुढे स्टूल ठेवलं, मोठ्या डब्याचं झाकण हातात घेतलं. उलटी छत्री म्हणजे गिअर. बायकोचा छोटा आरसा पलंगाच्या दांडीला बांधला, मागचं दिसायला. "चला, बसून घ्या!" म्हणालो.

सुटलेली गाडी संध्याकाळी पाचलाच डेपोत लागली. घसा बसलाय.

७ फेब्रुवारी

माझा कंडक्टर भेटायला आला. बारा वर्षं मी पुढे, तो मागे. डेपोच्या भंगारातली जुनी घंटा दोरीसकट घेऊन आला आणि पलंगावरच्या खिळ्याला टांगली. मग भिंगरीला समोर घेऊन नियम सांगितले. "एक टोला म्हणजे थांब. दोन टोले म्हणजे चल. आणि चालत्या गाडीतून कुणाला उतरू द्यायचं नाही. काय? कंडक्टरबाई, जबाबदारी तुमची!"

तिनं इतक्या गंभीरपणे मान हलवली की हसू दाबता दाबता आम्हा दोघांची पुरेवाट झाली.

८ फेब्रुवारी

टण! एक टोला. मी ब्रेक मारला. आरशात बघतो तर बाईसाहेबांचा एक पाय पलंगावरून खाली! "थांबा आला. उतरते मी." झडप घालून धरली. पाय टेकला नव्हता, नशीब.

ओरडणार होतो. पण तोंडातून निघालं, "अगं, ही जलद गाडी आहे. मध्ये कुठेच थांबत नाही. एक टोला बंद!" लगेच वहीच्या पुठ्ठ्यावर पाटी लिहिली – जलद – आणि पायथ्याशी लावली. तिला पुरेपूर पटलं. स्वतःची पाठ थोपटून घेतली. हात आणखी लांब असता तर अजून दोनदा थोपटली असती.

१२ फेब्रुवारी

औषधाला आता डिझेल म्हणायचं. दिवसातून तीनदा, टाकी फुल, रडणं नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

बायकोला सुट्टी. त्यामुळे गाडीत खरा प्रवासी. मागच्या बाकावर उशी, म्हणजे लठ्ठ आजोबा. त्यांना दोन तिकिटं फाडतात, कारण दोघांची जागा अडवतात. ही म्हणाली, "माझ्याकडे पास आहे." भिंगरीनं पास उलटसुलट बघितला. "फोटो तुमचा नाही वाटत. फोटोतली बाई हसतेय."

हिनं पास परत घेऊन फोटो बघितला. मग इतकी हसली की डोळ्यांत पाणी. या महिन्यात ती हसलेली मी पाहिली नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं.

१८ फेब्रुवारी

आमच्या फेरीतल्या दवाखान्याच्या चढावर कंडक्टरबाईंची बोलणी बसली. "काल इथे दुसरा गिअर टाकला होतास!" खरंच टाकला होता.

२१ फेब्रुवारी

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला ही रजा संपायला नकोय. एरवी ती उठायच्या आत मी घराबाहेर, येतो तेव्हा ती पेंगुळलेली. पाच वर्षांत तिच्याशी जेवढं बोललो नसेन तेवढं या सतरा दिवसांत बोललो. दुपारी ऊन पलंगावर येतं, ती तिकिटं फाडत बसते, मी झाकण फिरवत असतो. फार बरं वाटतं. पोर आजारी आणि बाप खुशीत! लाज वाटायला हवी. थोडी वाटते.

२५ फेब्रुवारी

सूज गेली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय ठणठणीत आहे. चालवा आता."

घरी येऊन पलंगावरून खाली घेतली तर दोन्ही पाय पोटाशी. खाली टेकवेचना. ओढलं तर किंकाळी. दुखतंय का विचारलं. नाही म्हणते. मग? काही नाही. पुन्हा पलंगावर, पुन्हा हातात दोरी.

२७ फेब्रुवारी

आज डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, भीती बसलीय, मोडायलाच हवी. पाय वापरला नाही तर बारीक होत जाईल. सोमवारपर्यंत उभी राहिली नाही तर दाखल करा, इथे चालायला शिकवू. दाखल! तिला त्या इमारतीचं नाव काढलं तरी कापरं भरतं.

दिवसभर मनधरणी. शेवटी मी म्हणालो, "गाडी थांबलीय बघ. उतर." ती म्हणाली, "जलद गाडी थांबत नाही. तूच म्हणालास. चालत्या गाडीतून उतरलं की पडतात."

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. माझ्या नाही, पोरीच्या पायावर पाडला. आत ही भाजी चिरत होती. सुरीचा आवाज थांबला.  माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

१ मार्च

कंडक्टर आला. त्याला सगळं सांगितलं, मला ही रजा गोड लागली तेही सांगितलं. तो पाटीकडे बघत बसला. म्हणाला, "अरे ड्रायव्हर, तू थांबवलीस कुठे गाडी? तोंडानं थांबली म्हणतोस आणि झाकण अजून मांडीवर! तुलाच उतरायचं नाहीये. तिला काय सांगतोस?"

खाली बघितलं. झाकण खरंच मांडीवर होतं.

२ मार्च, रविवार

सकाळी पाटी काढली. "शेवटचा थांबा. ही गाडी इथे संपली." भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. झाकण परत डब्यावर लावलं, छत्री खुंटीला. स्टूलवरून उठलो आणि तिच्याशेजारी पलंगावर बसलो. म्हणालो, "इथून पुढे माझी खरी गाडी. उद्या पावणेदहाला, गल्लीच्या तोंडाशी. साधी आहे, हात दाखवला की थांबते. पण मी स्टिअरिंग सोडून तुला घ्यायला येणार नाही. चढायचं तुझं तू."

बराच वेळ दोरीशी चाळा करत राहिली.

"मला हळू यावं लागेल. थांबशील?"

"थांबेन."

"खोटं! तू कुणासाठीच थांबत नाहीस. आई म्हणते."

खरं आहे ते. एकोणीस वर्षांत एक मिनिट उशीर नाही, याचा डेपोत तोरा मिरवतो मी.

"तुझ्यासाठी थांबेन," म्हणालो.  तिचे पाय अजून पोटाशीच.

३ मार्च

पावणेदहाची फेरी. थांब्यावर ही एकटीच, कारखान्यात उशिरा येते म्हणून सांगून आलेली.  मग तिच्यामागून एक छोटा हात वर आला. गाडी लावली. ही उचलायला वाकली तर खालून ऐकू आलं, "नको, मी!" दांडीला धरून चढली. एक पाय. मग दुसरा.

पुढच्या थांब्याआधी टण – एक टोला. तो माझ्या कंडक्टरचा नव्हे, त्याचा हात मला कळतो; दोरी भिंगरीनं ओढली होती. थांबलो. आरशात दिसलं: भिंगरी उतरली, आईचा हात सोडला आणि लंगडत लंगडत चालायला लागली.

मागून दोन टोले. पुन्हा दोन. तरी गाडी हलवली नाही. समोरचा रस्ताच दिसत नव्हता.