बंडोपंतांची फियाट

१८ नोव्हेंबर, सोमवार

उगवला एकदाचा वायरमन! सकाळी येतो म्हणाला आणि जेवणं उरकल्यावर तोंड दाखवलं. देविदास नाव. तांड्यावरच्या थावराचा मुलगा. आमच्या ह्यांच्या फियाटचं काम आधी थावराच करायचा. त्याला आता दिसत नाही, म्हणून हा. तोंडात पुडी, कानाला फोन. बॉनेट उघडलं आणि म्हणतो — "अयाया काकू, उंदरांनी तर पार पंगती उठवल्या हितं!" दात काढायला काय झालं मेल्याला?

मला ही गाडी नकोच आहे. हे गेल्यापासून सांगून राहिले, भंगारात घाला. पण आमचे चिरंजीव पुष्कर! पुण्यात बसून वडिलांचा पुळका आलाय. वर्षश्राद्धाला बाबांची गाडी चालू पाहिजे, शेजारच्या सीटवर बाबांचा फोटो, आणि तो स्वतः चालवत नागनाथाच्या दर्शनाला नेणार. इंजिन नांदेडहून करून आणलं. आता वायरिंग. सगळं जुनंच ठेवायचं म्हणे, बटणंसुद्धा. आयजीच्या जिवावर बायजी उदार! चहा मी करायचा, घाण मी झाडायची.

१९ नोव्हेंबर

अंगणभर वायरी. कापडाचं वेष्टण कुजलेलं, हात लावला की भुगा. तुळशीला पाणी घालायला पाय ठेवायची जागा नाही.

२१ नोव्हेंबर

पुष्करचा फोन. "आई, तू चावीला हात लावू नकोस हं. बाबा म्हणायचेच, तुझ्या हाताला ती ऐकत नाही." आणि हसला — अगदी ह्यांच्यासारखा! अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवून दिला.

ऐकत नाही! लिहूनच टाकते आज. त्र्याऐंशी साली मी नांदेडला भावाकडे गाडी शिकले. त्याची जीप चालवली, लायसन काढलं. घरी आले तर ह्यांनी सगळ्या आळीसमोर चावी हातात दिली. "चालव की! मी कुठे नाही म्हणतो?" बसले. घर्र घर्र घर्र... गप्प. पुन्हा तेच. मग हे बसले. सीटखाली हात घालून सीट पुढे ओढायची, खाकरायचं, चावी फिरवायची — ही त्यांची पद्धत. लगेच चालू! "गाडीला माणूस कळतो," म्हणाले. आळी खो खो हसली. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी बसले तेव्हा हेच. चावी मात्र कायम खुंटीला, माझ्या डोळ्यांसमोर. मना कोणी केलं नव्हतं मला!

२५ नोव्हेंबर

दिव्याचं बटण दाबलं की वायपर फिरतोय. म्हटलं, "देविदास, तुझ्या घरी पंखा लावला की बल्ब पेटतो का रे?"

"लई टोचून बोलता काकू तुमी. तकलीफ व्हते."

होऊ दे. काम नीट कर.

२८ नोव्हेंबर

दिवे लागले. हॉर्न वाजला. वाजला म्हणजे काय, वाजवतच बसला! शेजारपाजारची लेकरं गोळा केली. बटणं खोलून आतल्या पितळी पट्ट्या पॉलिशपेपरनं घासून राहिला होता, मधेच विचारलं — "काकू, तुमी चालवली का व्हो कधी?"

काहून विचारावं त्यानं? चहाचा कप आदळला त्याच्यापुढे आणि आत आले.

कितीतरी वर्षांपूर्वी माझ्या माहेराहून, कळमनुरीहून निरोप आला होता. आई शेवटच्या घटका मोजून राहिलीय, तुझं नाव घेतेय. हे कचेरीच्या कामाला परभणीला गेलेले. गाडी दारात. चावी खुंटीला. बसले. घर्र घर्र घर्र. चोक ओढला, सोडला. हात जोडले त्या सटवीला! रडले. शेवटी एसटी धरली, हिंगोलीला बदलली, पोचले तोवर आईला नेलं होतं. तोंडसुद्धा दिसलं नाही. परत आल्यावर हे म्हणाले, "चोक जमत नाही तुला. सांगतो तर ऐकत नाहीस."

तेव्हापासून ह्या हातांना शिव्या घालतेय.

३ डिसेंबर

सगळं लागतं. नुसतं इंजिन पेटत नाही. देविदास चावी फिरवतो — घर्र घर्र घर्र. तोच आवाज! मला हसू फुटलं. भारी गंमत वाटली. त्याच्याही हाताला ऐकत नाही!

"काकू, हसू नका. कॉईललाच करंट येत न्हाई. मधीच कुठंतरी अडून राहिलाय."

म्हटलं, गाडीलाच विचार. तिला माणूस कळतो.

५ डिसेंबर

आज सगळं लिहिणार.

देविदासनं खालची मॅटिंग उचकटली. एकच लाल वायर, बाकीच्यांपासून वेगळी, ड्रायव्हरच्या सीटखाली गेलेली. त्याला उमजेना. बापाला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

थावरा म्हणाला, "चोर स्विच हाय तो. सीटखाली हात घाल, बारकं बटन लागंल. बंद असलं की इंजन नुसतं घरघरतं, पेटत न्हाई. मीच बसवला व्हता, साहेबांनी सांगितलं म्हून. बाईंनी लायसन काढलं ना, त्याच साली."

मी विचारलं, "थावरा, तेव्हा औंढ्यात गाडी चोरणारं कोण होतं रे?"

फोनमधून बारीक आवाजात — "बाई, तुमी हाईत व्हय तिथं? साहेब म्हणले व्हते, कुनाला सांगू नको. बाईला तर बिलकुल न्हाई."

देविदासनं बटण दाबलं. चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू!

सीटखाली हात. खाकरणं. चावी. जन्मभर डोळ्यांदेखत! माझी आई तिकडे माझं नाव घेत होती आणि बटण माझ्या बुडाखाली होतं. परत आले तर मलाच चोक शिकवला ह्या माणसानं! आणि मागच्या मार्गशीर्षात छातीत दुखत असताना स्वतः चालवत घरी आला, उतरताना सीटखाली वाकला. मला वाटलं चक्कर आली. धावत जाऊन सावरलं मी त्याला. बटण बंद करत होता मेला! त्यानंतर गाडीत बसायची वेळच आली नाही त्याच्यावर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची मेल्यावरही गेली नाही. सगळं वर्ष बटण बंदच!

देविदास खाली मान घालून उभा. "काढून टाकू का काकू?"

"राहू दे. घासूनपुसून पक्का बसव. आणि कोणाला सांगायचं नाही. पुष्करला तर बिलकुल नाही."

८ डिसेंबर

देविदासला शेजारी बसवून माळावर चकरा मारल्या. पाय क्लच विसरला नव्हता.

११ डिसेंबर, बुधवार

वर्षश्राद्ध पार पडलं. आळी दारात जमलेली. हार घातलेला फोटो शेजारच्या सीटवर. पुष्कर ऐटीत बसला, चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. पुन्हा. पुन्हा. घामाघूम झाला. देविदासवर ओरडला. देविदास माझ्याकडे बघेना.

मी म्हटलं, ऊठ.

"आई, तुला नाही जम—"

ऊठ म्हणते ना! फोटो उचलून त्याच्या हातात दिला. देविदासला शेजारी बसायला सांगितलं. मग बसले. सीटखाली हात घालून सीट पुढे ओढली. खाकरले. चावी फिरवली.

देवळाकडे वळलेच नाही. कळमनुरीचा रस्ता धरला.